रेसिडेन्सीच्या मुलाखतीत काय दिसते?

नीट-पीजीचा पेपर दोनशे प्रश्नांचा आणि साडेतीन तासांचा असतो. त्यातून गुणानुक्रम लागतो, गुणानुक्रमावरून समुपदेशनाच्या फेऱ्यांत जागा मिळते, आणि हे सगळे पार पडेपर्यंत उमेदवार माणूस म्हणून कसा आहे हे कोणीही विचारत नाही. जे विभागप्रमुख पुढची तीन वर्षे त्याच्याकडून रात्रंदिवस काम करून घेणार असतात, ते बहुतेक वेळा त्याला पहिल्यांदा पाहतात तो रुजू व्हायला आल्यावर. अमेरिकेत रेसिडेन्सीची, म्हणजे तिथल्या पदव्युत्तर प्रशिक्षणाची, जागा या वाटेने मिळत नाही. तिथे परीक्षेतले गुण उमेदवाराला दारापर्यंत नेतात आणि पुढचे मुलाखतीवर ठरते. मुंबई, पुणे, नागपूर, मिरज किंवा बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडून अमेरिकेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना आयुष्यातली पहिली खरी व्यावसायिक मुलाखत द्यावी लागते ती याच टप्प्यावर, तीही परक्या देशातल्या, परक्या रीतीच्या माणसांपुढे. मग ‘छाप कशी पाडायची’ हा प्रश्न साहजिकच येतो, आणि त्यावर सल्ला देणाऱ्यांची कमतरता नाही. कोणता सूट घालावा, हसावे किती, ‘तुमच्याबद्दल सांगा’ याचे नव्वद सेकंदांचे उत्तर कसे घोकावे, सगळे मिळते. मात्र मुलाखतीतून नेमके काय कळते आणि काय कळत नाही, याचा जो पुरावा गेल्या काही दशकांत जमा झाला आहे, तो या सल्ल्यांमध्ये क्वचितच दिसतो. तो नीट वाचला तर छाप पाडण्याची कल्पनाच बदलावी लागते, असे माझे म्हणणे आहे.

आधी व्यवस्था समजून घेऊ. अमेरिकेत रेसिडेन्सीच्या जागा ‘मॅच’ या पद्धतीने भरतात. १९५२ पासून ही पद्धत चालू आहे. उमेदवार आपल्या पसंतीच्या रुग्णालयांची क्रमवार यादी देतो, रुग्णालयातला प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या पसंतीच्या उमेदवारांची क्रमवार यादी देतो, आणि संगणक दोन्ही याद्यांची सांगड घालतो. मार्चमध्ये निकाल लागतो आणि तो दोन्ही बाजूंवर बंधनकारक असतो. या सांगडीमागचे गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताशी जुळते. पुढे अॅल्विन रॉथ आणि इलियट पेरॅन्सन यांनी मॅचची पद्धत नव्याने बांधली आणि १९९८ पासून ती उमेदवाराच्या पसंतीला अग्रक्रम देऊन चालते. रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले त्यात या कामाचा मोठा वाटा होता. मुलाखत न घेता सहसा कोणताही प्रोग्रॅम उमेदवाराला यादीत घेत नाही, त्यामुळे मुलाखत नाही म्हणजे जागा नाही असाच व्यवहारातला नियम आहे. २०२५ च्या मॅचमध्ये एकूण ४३,२३७ जागा होत्या. अमेरिकेतल्याच एमडी महाविद्यालयांच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांपैकी ९३.५ टक्क्यांना जागा मिळाली. अमेरिकेचे नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांमध्ये हे प्रमाण ५८ टक्के होते. आपल्याकडून जाणारी मुले या दुसऱ्या गटात मोडतात. दहातल्या चारांहून अधिक जणांच्या पदरी मार्चमध्ये निराशा पडते, हे डोळ्यांसमोर ठेवूनच पुढचे वाचावे.

या काळात मुलाखतीचे वजनही वाढले आहे. अमेरिकेतल्या वैद्यकीय परवान्यासाठीच्या यूएसएमएलईच्या स्टेप वन परीक्षेचे तीन आकडी गुण जानेवारी २०२२ पासून बंद झाले, आता फक्त उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच कळते. रुग्णाची भूमिका करणाऱ्या प्रशिक्षित माणसांना तपासून द्यायची स्टेप टू सीएस ही परीक्षा महासाथीत थांबली आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमची बंद झाली. तिच्या जागी परदेशी पदवीधरांना ओईटी ही वैद्यकीय इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, पण तिचे गुण इंग्रजी कामापुरते आहे एवढीच ग्वाही देतात. स्टेप टू सीकेचे गुण अजून आहेत आणि त्यांच्यावर भिस्तही वाढली आहे, तरी कागदावरून माणूस ओळखण्याच्या वाटा कमी झाल्या हे खरे. मॅच चालवणारी संस्था प्रोग्रॅम डायरेक्टरांची पाहणी वेळोवेळी प्रसिद्ध करते. तिच्यातून दोन टप्पे स्पष्ट दिसतात. मुलाखतीला कोणाला बोलवायचे हे ठरवताना परीक्षेचे गुण, नापास झाल्याची नोंद, शिफारसपत्रे, पदवी मिळून किती वर्षे झाली अशा गोष्टी पुढे असतात. बोलावलेल्यांचा क्रम लावताना मात्र यादी उलटीपालटी होते. मुलाखतीदरम्यान प्राध्यापकांशी आणि तिथल्या रेसिडेंट डॉक्टरांशी झालेले बोलणे-वागणे आणि माणसांशी जुळवून घेण्याची हातोटी या गोष्टी वर येतात. पाचपैकी साडेचारच्या वर महत्त्व त्यांना दिले गेल्याचे या पाहण्यांत दिसते. याचा अर्थ असा की आमंत्रण आले त्या दिवशी कागदाचे काम बरेचसे संपलेले असते. समोर बसलेल्या प्राध्यापकाला उमेदवार हुशार आहे का हे पुन्हा तपासायचे नसते. याच्याबरोबर पुढची तीन ते सात वर्षे काम करता येईल का, एवढे त्याला पाहायचे असते.

‘काम करता येईल का’ हा निकष अनेकांना पोकळ वाटतो. गोड बोलणाऱ्याला झुकते माप, अशी शंका येते. पण रुग्णालयाच्या कामाचे स्वरूप पाहिले की त्यामागचे कारण कळते. अमेरिकेत २००३ पासून रेसिडेंटच्या कामावर आठवड्याला ऐंशी तासांची मर्यादा आहे. तास कमी झाले म्हणजे पाळ्या बदलण्याचे प्रसंग वाढले, आणि प्रत्येक पाळीबदलात एका डॉक्टरने दुसऱ्याला रुग्ण समजावून द्यावा लागतो. नऊ बालरुग्ण विभागांत झालेला आय-पास हा अभ्यास २०१४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. रुग्ण सोपवताना काय, कोणत्या क्रमाने आणि कसे सांगायचे याची शिस्त लावल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या आणि टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी. नवे औषध आले नव्हते की नवे यंत्र बसवले नव्हते, फक्त डॉक्टर एकमेकांशी अधिक नीट बोलू लागले होते. तेव्हा मुलाखत घेणारा प्राध्यापक उमेदवाराचे बोलणे लक्ष देऊन ऐकतो, मुद्दा किती वेळात येतो हे पाहतो, प्रश्न न समजल्यास हा विचारतो की अंदाजाने बोलत सुटतो हे टिपतो, त्याला रुग्णाच्या सुरक्षिततेचा आधार आहे. मध्यरात्री नर्सने फोन केला तर हा डॉक्टर कसा बोलेल, याचा तो अंदाज बांधत असतो.

तो अंदाज कितपत खरा ठरतो हा यापुढचा प्रश्न, आणि इथे पुरावा मुलाखतीच्या बाजूने फारसा नाही. टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९७९ मध्ये एक घटना घडली. विधिमंडळाच्या आदेशाने जागा अचानक दीडशेच्या दोनशे कराव्या लागल्या, आणि त्या पन्नास जागा आधी मुलाखतीनंतर नाकारलेल्या उमेदवारांतून भरल्या गेल्या. हे पन्नास जण पुढे कसे निघाले याचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यासक्रमात, वॉर्डातल्या कामात आणि नंतरच्या पहिल्या वर्षाच्या प्रशिक्षणात नाकारलेले आणि आधी निवडलेले यांच्यात म्हणावा असा फरक सापडला नाही. मुलाखत मंडळाने जो भेद मोठ्या खात्रीने केला होता, त्याचा पुढच्या कामगिरीत मागमूस नव्हता. जेसन डेना, रॉबिन डॉज आणि नॅथनियल पीटरसन यांचे २०१३ चे प्रयोग याहून अस्वस्थ करणारे आहेत. सैल गप्पांच्या मुलाखती घेऊन विद्यार्थ्यांच्या पुढच्या गुणांचा अंदाज बांधायला सांगितल्यावर, निव्वळ जुने गुण पाहून केलेल्या अंदाजापेक्षा मुलाखतीनंतरचे अंदाज अधिक चुकले. काही मुलाखतींत उत्तर देणाऱ्याला ठरावीक नियमाने, अर्थाशी संबंध न ठेवता हो-नाही म्हणायला सांगितले होते. तरीही मुलाखत घेणाऱ्यांना समोरचा माणूस कळल्यासारखे वाटले. अर्थशून्य उत्तरांतूनही मन सुसंगत माणूस उभा करते, इतकी ती भावना बळकट असते. स्त्रीरोग विभागातल्या रेसिडेन्सी निवडीवरचा २००१ चा एक अभ्यास आणखी एका दोषावर बोट ठेवतो. परीक्षेचे गुण आधी माहीत असले की मुलाखतीचे गुण त्यांच्या मागोमाग जातात आणि गुण झाकले की तो संबंध विरतो. पुष्कळदा मुलाखत कागदावर आधीच वाचलेले पुन्हा ऐकत असते, असा याचा अर्थ.

आपल्याकडे हा संशय न्यायालयापर्यंत गेला होता. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशाबद्दलचा अजय हसिया खटला कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. तिथे लेखी परीक्षेला शंभर आणि मुलाखतीला पन्नास गुण होते, मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली जात होती, आणि विचारले काय जात होते, तर वडील कोण, राहता कुठे. न्यायमूर्ती भगवती यांनी लिहिलेल्या निकालात एक तृतीयांश गुण मुलाखतीसाठी ठेवणे मनमानी ठरले आणि अशा प्रवेशात १५ टक्क्यांपलीकडे जाऊ नये असे सांगितले गेले. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण व्हावे, ही सूचनाही त्यात होती. वशिला, जात, गाव, आडनाव या गोष्टी दोन मिनिटांच्या मुलाखतीत किती सहज शिरतात हे ज्या समाजाने अनुभवले आहे, त्याने सरळ गुणानुक्रमाकडे वळावे यात गैर काही नाही. ज्यांना मुलाखत ही पद्धतच अन्यायकारक वाटते त्यांचा आक्षेप म्हणूनच मी हलका मानत नाही. माझे उत्तर इतकेच की अमेरिकेच्या वाटेवर निघालेल्या उमेदवाराला पद्धत निवडायची मुभा नाही, आणि मुलाखतीचे सगळे प्रकार सारखेच कुचकामी आहेत असेही पुरावा सांगत नाही.

हा दुसरा मुद्दा उमेदवाराच्या फार उपयोगाचा आहे. नोकरभरतीच्या पद्धतींवरच्या संशोधनाचा पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये फेरआढावा घेतला. त्यात आखीव मुलाखत, म्हणजे सर्वांना तेच प्रश्न, उत्तरांसाठी आधी ठरवलेले मापदंड आणि प्रत्यक्ष कामाशी निगडित विषय, ही पुढची कामगिरी ओळखण्याच्या साधनांत सर्वात वर आली. सैल गप्पांची मुलाखत तिच्या निम्म्यावरही पोहोचली नाही. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातून २००४ मध्ये पुढे आलेली छोट्या छोट्या अनेक मुलाखतींची पद्धत याच दिशेची. उमेदवार एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो, प्रत्येक ठिकाणी वेगळा परीक्षक आणि वेगळा प्रसंग, त्यामुळे एकाच्या आवडीनिवडीवर निकाल लटकत नाही. रेसिडेन्सीचे अनेक प्रोग्रॅम आता आखीव प्रश्नांकडे वळले आहेत. ‘सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा तुम्ही काय केलेत?’, ‘तुमच्याकडून चूक झाली असा प्रसंग सांगा’, ‘वरिष्ठांचा निर्णय तुम्हाला पटला नाही तेव्हा?’ अशा प्रश्नांच्या मागे एक साधे गृहीतक आहे: माणूस पूर्वी अडचणीत जसा वागला, साधारण तसाच पुढे वागेल. अशा प्रश्नाला ‘मी मेहनती आहे, संघभावनेने काम करतो’ हे उत्तर दिले तर परीक्षकाच्या कागदावर लिहिण्यासारखे काहीच उरत नाही. प्रसंग सांगितला, त्यातला स्वतःचा निर्णय सांगितला, परिणाम सांगितला, आणि नंतर काय बदलले तेही सांगितले, तर गुण द्यायला त्याच्या हातात काहीतरी ठोस येते. छाप पाडणे याचा खरा अर्थ मला इथे सापडतो. परीक्षकाच्या मनातली भावना उमेदवाराच्या हाती नसते, आणि ती भावना किती फसवी असते हे वरच्या प्रयोगांतून दिसलेच. त्याच्या हाती असतो तो पुरावा. ज्याची खातरजमा करता येईल, ज्यावर पुढचा प्रश्न विचारता येईल, असा आपल्या वागण्याचा तपशील जो पुढे ठेवतो, तो परीक्षकाला अंदाजाच्या धुक्यातून बाहेर काढतो. मंडळाच्या बैठकीत दोन महिन्यांनी शेकडो नावांमधून त्याचे नाव निघाले की त्याच्या बाजूने बोलणाऱ्याला सांगायलाही काही असते.

महाराष्ट्रातून जाणारा उमेदवार इथेच सर्वाधिक गमावतो असे मला वाटते. त्याचे मूळ आपल्या शिक्षणात आहे. एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत तोंडी परीक्षा म्हणजे व्हायवा, आणि व्हायवामध्ये शिकलेली शिस्त अशी: विचारले तेवढेच बोलावे, सरांच्या मताविरुद्ध जाऊ नये, येत नसेल तर मान खाली घालावी, स्वतःबद्दल तर बोलूच नये. केस मांडताना रुग्णाचा इतिहास तोंडपाठ हवा, पण त्या रुग्णाशी बोलताना काय अडचण आली, नातेवाइकांना काय समजावले, हे कोणी विचारत नाही. असा विद्यार्थी रेसिडेन्सीच्या मुलाखतीला येतो तेव्हा ती व्हायवासारखीच देतो. ताठ बसून बरोबर उत्तराची वाट शोधतो. ‘आमच्या शहरात यावेसे का वाटते?’ या प्रश्नाला बरोबर उत्तर नसतेच, हे त्याला उमगायला उशीर लागतो. आणि ज्या गोष्टी सांगण्यासारख्या असतात त्या तो लपवतो. शासकीय महाविद्यालयातून शिकल्यावर करावी लागणारी एक वर्षाची बंधपत्रित सेवा हे याचे ठळक उदाहरण. अनेक जण प्राथमिक आरोग्य केंद्रावर वर्ष काढतात आणि अर्जात ते वर्ष एका ओळीत उरकतात, जणू ते वायाच गेले. त्या वर्षात त्याने सर्पदंशाचा रुग्ण रात्री दोन वाजता हाताळलेला असतो. रुग्णवाहिका येईपर्यंत काय करायचे हे एकट्याने ठरवलेले असते. क्षयरोगाची औषधे मध्येच सोडणाऱ्या मजुराला त्याच्या बोलीत समजावलेले असते, आशाताईंच्या मदतीने एखाद्या वस्तीत लसीकरण करून घेतलेले असते. साधनांचा तुटवडा, निर्णयाची जबाबदारी, डॉक्टर नसलेल्या सहकाऱ्यांवरचा विश्वास, या तिन्ही गोष्टींबद्दल बोलायला त्याच्याकडे अमेरिकेतल्या बहुतेक विद्यार्थ्यांपेक्षा जास्त असते. पण ते बोलायचे असते हे त्याला कोणी सांगितलेले नसते. तो त्याऐवजी अमेरिकेत घालवलेल्या चार आठवड्यांच्या ऑब्झर्व्हरशिपबद्दल बोलतो, जिथे त्याने रुग्णाला हातही लावलेला नसतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो आपल्या संस्कारातून आलेला आहे. स्वतःच्या कामाची महती स्वतःच गायची हे आपल्याकडे बरे दिसत नाही. पण प्रसंग सांगणे आणि बढाई मारणे यांत फरक आहे, आणि तो फरक क्रियापदांतून उमटतो. ‘मी उत्तम नेतृत्व केले’ ही बढाई झाली. ‘आमच्याकडे त्या रात्री एकच व्हेंटिलेटर होता, मी वरिष्ठांना फोन केला, त्यांनी सांगितले तोवर मी आणि सिस्टरांनी हाताने बॅग दाबत ठेवली’ ही हकीकत झाली. हकीकतीत सिस्टर आहेत, वरिष्ठ आहेत, आणि स्वतःचा वाटा आपल्या आकाराएवढा आहे. उलट ‘आम्ही केले, आमच्या युनिटने केले’ एवढेच सतत म्हणत राहिले तर परीक्षकाला या माणसाने नेमके काय केले हेच कळत नाही, आणि ती विनम्रता त्याच्या नोंदीत उणीव म्हणून जाते. दुसरा आक्षेप उलट बाजूचा. ही उत्तरे तर शिकवून तयार करता येतात, पैसे घेऊन सराव घेणारे वर्ग आहेत, मग पुरावा तरी कसला? सराव जरूर करावा, मोठ्याने बोलून, शक्यतो ज्याला आपली कहाणी माहीत नाही अशा माणसापुढे. पण पाठ केलेली हकीकत पहिल्या उपप्रश्नालाच उघडी पडते. ‘मग त्या रुग्णाचे पुढे काय झाले?’, ‘तुमच्या वरिष्ठांचे म्हणणे काय होते?’ असे विचारले की खरा अनुभव असलेला थांबतो, आठवतो आणि सांगतो. विकतचे उत्तर तिथे संपते. म्हणून घोकायचे वाक्य नसते. आठवून ठेवायचे प्रसंग असतात, आठ-दहा पुरे, आणि त्यांतला एकेक तीन-चार वेगवेगळ्या प्रश्नांना लागू पडतो.

उच्चारांची भीती पुष्कळांना वाटते. मराठी वळणाचे इंग्रजी बदलण्याच्या खटपटीत बोलणे अधिक कृत्रिम होते, आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांपैकी सुमारे चौथाई परदेशांत शिकलेले असल्यामुळे तिथल्या कानांना वेगळे उच्चार नवे नाहीत. वेग कमी करणे आणि वाक्ये लहान ठेवणे एवढे पुरते. परदेशी पदवीधर म्हणून कमीपणा वाटत असेल तर २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला एक मोठा अभ्यास ध्यानात ठेवावा. अमेरिकेतल्या रुग्णालयांत दाखल झालेल्या वृद्ध रुग्णांमध्ये तीस दिवसांतल्या मृत्यूचे प्रमाण परदेशी पदवीधरांकडे ११.२ टक्के आणि अमेरिकी पदवीधरांकडे ११.६ टक्के होते. फरक लहान आहे आणि त्यावरून कोणी कोणापेक्षा श्रेष्ठ ठरत नाही. मान खाली घालून बसण्याचे कारण मात्र उरत नाही.

अर्जातल्या उणिवांबद्दल बोलणे सर्वांना अवघड जाते: एखाद्या परीक्षेतले अपयश, पदवीनंतर मधली मोकळी वर्षे, नीट-पीजीचा फसलेला प्रयत्न. परीक्षकाने ते कागदावर वाचलेले असते आणि तरीही बोलावलेले असते, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. दोन वाक्यांत कारण, एका वाक्यात काय बदलले, आणि मग पुढच्या कामाकडे वळावे. कारण खरे असावे. आजारपण असेल तर आजारपण, आईवडिलांची जबाबदारी असेल तर ती, तयारी कमी पडली असेल तर तयारी कमी पडली. सविस्तर खुलाशापेक्षा दुसऱ्यावर ढकललेला दोष परीक्षकाला जास्त खटकतो. व्हिसाचे उत्तरही तयार हवे. जे-वन म्हणजे शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट, एच-वन-बी म्हणजे आधी स्टेप थ्री उत्तीर्ण असणे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर लावलेले एक लाख डॉलरचे शुल्क, हे सारे प्रोग्रॅमच्या मनात असते. कोणता व्हिसा चालेल याबद्दल गोंधळलेले उत्तर देणारा उमेदवार त्यांच्या काळजीत भर घालतो.

२०२०-२१ पासून बहुतेक मुलाखती पडद्यावर होतात. त्यामुळे विमानाचे आणि हॉटेलचे लाखो रुपये वाचले आणि नागपूर किंवा कोल्हापूरच्या घरातून न्यूयॉर्कशी बोलता येऊ लागले, ही मोठी सोय झाली. पण हिवाळ्यात अमेरिकेचा पूर्व किनारा आपल्या साडेदहा तास मागे असतो. तिथला सकाळी आठचा कार्यक्रम इथे संध्याकाळी साडेसहाला सुरू होतो आणि दुपारपर्यंत चालला तर इथे मध्यरात्र उलटते. पश्चिम किनाऱ्याच्या मुलाखती तर रात्री साडेनऊच्या पुढे सुरू होतात. दिवसभर वॉर्डात राबून आलेला इंटर्न रात्री एक वाजता ताजातवाना कसा दिसेल? त्या दिवशी रजा काढावी, दुपारी झोपावे, इन्व्हर्टर आणि इंटरनेटचा पर्यायी जोड तपासून ठेवावा. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणि प्रकाश समोरून असला की तांत्रिक भाग संपला. याहून मोलाची गोष्ट म्हणजे आदल्या संध्याकाळची रेसिडेंट डॉक्टरांबरोबरची अनौपचारिक भेट. तिला गुण नसतात असे सांगितले जाते, पण रेसिडेंटचे मत क्रमवारीत किती जड असते हे प्रोग्रॅम डायरेक्टरांच्या पाहणीत आपण पाहिलेच. तिथे विचारायचे प्रश्न खरे असावेत. रात्रपाळीत वरिष्ठ कितपत उपलब्ध असतात, पहिल्या वर्षी सर्वात कठीण काय गेले, परदेशी पदवीधरांना सुरुवातीला कशी मदत होते, असे काही. संकेतस्थळावर लिहिलेलेच पुन्हा विचारणारा उमेदवार तयारी नसल्याचे दाखवतो. कार्यालयातल्या को-ऑर्डिनेटरशी झालेला पत्रव्यवहारही मुलाखतीचाच भाग समजावा.

क्रमवारीबद्दल खोटे बोलण्याचा मोह मात्र आवरायला हवा. तीन प्रोग्रॅमना ‘तुम्हीच माझी पहिली पसंती’ असे लिहिणारे असतात. त्याची दोन उत्तरे आहेत. पहिले, मॅचची रचना अशी आहे की उमेदवाराने आपली खरी पसंती त्याच क्रमाने लिहिली तरच त्याचा जास्तीत जास्त फायदा होतो. जिथे जागा मिळेलसे वाटते त्याला वर टाकून काही मिळत नाही. दुसरे, ज्या मुलाखतीचा सगळा भर आपल्या शब्दावर विश्वास बसण्यावर आहे, तिच्याच शेवटी खोटा शब्द देणे हे डॉक्टराला न शोभणारे आहे. उमेदवाराने आणखी कुठे अर्ज केला, यादीत कोणाला कितवे ठेवणार, हे विचारण्याची प्रोग्रॅमला मुभा नसते. लग्न, मुले, गरोदरपण, धर्म यांबद्दलचे प्रश्नही निषिद्ध आहेत, तरी ते अधूनमधून विचारले जातात आणि बहुतेकदा मुलींना. अशा वेळी भांडण न करता कामाकडे वळणारे उत्तर तयार ठेवावे: ‘प्रशिक्षणाची पूर्ण मुदत आणि पाळ्या पार पाडायला मला कोणतीही अडचण नाही.’ आणि नंतर तक्रार करायची की नाही हा निर्णय शांतपणे घ्यावा. तक्रारीची व्यवस्था आहे आणि ती वापरण्यात चुकीचे काही नाही.

शेवटी आपल्या महाविद्यालयांना आणि विद्यार्थ्यांना एक विनंती. २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा एटकॉम हा भाग आला आहे आणि इंटर्नशिपसाठी लॉगबुक सक्तीचे आहे. वाईट बातमी कशी सांगावी, चूक झाली तर ती कशी कबूल करावी, वरिष्ठाशी असहमती कशी नोंदवावी, हे विषय तिथे आहेतच, आणि रेसिडेन्सीच्या मुलाखतीतले निम्मे प्रश्न त्यांच्याच आसपास फिरतात. हे तास सही घेण्यापुरते उरकू नका. जो इथेच राहून नीट-पीजीच्या वाटेने जाणार आहे त्यालाही वॉर्डात रोज त्याच प्रश्नांना तोंड द्यायचे आहे, मग त्याची मुलाखत कोणी घेवो न घेवो. आणि जो इंटर्न आहे त्याने आजपासून एक वही ठेवावी. रुग्णाचे नाव-गाव न लिहिता, आठवड्यातून एकदा, एक प्रसंग: काय झाले, मी काय ठरवले, कोणाची मदत घेतली, काय चुकले. वर्षाच्या अखेरीस त्या वहीत मुलाखतीला लागणारे बहुतेक सगळे असेल.